‘सरदार उधम’मधली रात्र खरी, पण माणूस?

रानवाट:
शूजित सरकार दिग्दर्शित ‘सरदार उधम’ (२०२१) हा हिंदी चित्रपट मी नुकताच दुसऱ्यांदा पाहिला आणि पहिल्या वेळची अस्वस्थता नेमकी कशामुळे होती, ते या वेळी कळले. उधमसिंगांनी लंडनच्या कॅक्स्टन हॉलमध्ये केलेली मायकेल ओडवायर या पंजाबच्या माजी लेफ्टनंट गव्हर्नरची हत्या चित्रपटात बरीच आधी येते आणि जालियनवाला बाग जवळजवळ शेवटी. ही मांडणी मला पूर्णपणे पटते, कारण गोळी कोणी झाडली हे ठाऊक असूनही ती का झाडली, याचा शोध प्रेक्षकाला शेवटपर्यंत घ्यावा लागतो. माझा आक्षेप आहे तो त्या ‘का’ला दिलेल्या उत्तराला. चित्रपटात रेश्मा नावाची एक मूक तरुणी आहे, उधमचा तिच्यावर जीव आहे, आणि ती त्या दिवशी बागेत गेलेली असते. हे पात्र काल्पनिक आहे. मुळात १३ एप्रिल १९१९ रोजी उधमसिंग बागेत होते, याला पक्का कागदोपत्री पुरावा नाही. खरे उधमसिंग हे परदेशस्थ भारतीयांच्या क्रांतिकारी गदर चळवळीच्या विचारांनी भारलेले, अमेरिकेत राहून आलेले आणि १९२७ साली अमृतसरमध्ये शस्त्रांसह पकडले जाऊन तुरुंगवास भोगलेले राजकीय कार्यकर्ते होते. हत्येनंतर पोलिसांना त्यांनी ‘मोहम्मद सिंग आझाद’ हे नाव सांगितले. मुसलमान, शीख आणि स्वातंत्र्य या तिन्ही गोष्टी त्या एका नावात आहेत. ज्याचे राजकारण इतके स्पष्ट होते, त्याच्या कृतीला खासगी दुःखाचा आधार देण्याची गरज का भासावी?

अक्षरवेल:
रानवाट, तुमचा मुद्दा समजला, पण पटला नाही. तुम्ही रेश्माकडे पाहत आहात, मी हातगाडीकडे पाहते. तिच्या काळजीने बागेत आलेला तो मुलगा रात्रभर अनोळखी जखमींना गाडीवर घालून नेतो, परत येतो, पुन्हा प्रेतांच्या राशीत श्वास चालू असलेला कोणी सापडतो का ते चाचपतो. हे दृश्य इतके लांबते की पाहणाऱ्याला उठून जावेसे वाटते, आणि तसे वाटायलाच हवे. त्या रात्री शहरात संचारबंदी होती, त्यामुळे जखमींपर्यंत मदत पोहोचली नाही. रतनदेवी या बाईंची साक्ष काँग्रेसच्या चौकशी समितीने नोंदवलेली आहे. पतीचे प्रेत एकटीला उचलता येईना, म्हणून कुत्र्यांना हाकलायला हातात बांबू घेऊन त्या रात्रभर त्याच्याजवळ बसून राहिल्या. ५० सैनिकांनी साधारण १० मिनिटांत १,६५० फैरी झाडल्या, हे आपण शाळेपासून वाचत आलो आहोत. पण त्या १० मिनिटांनंतरची रात्र हिंदी चित्रपटात मी याआधी अशी पाहिली नव्हती. त्यासाठी एका काल्पनिक मुलीची सूट मी दिग्दर्शकाला आनंदाने देईन.

तळटीप:
उधमसिंगांनी जनरल डायरला मारले, असे आजही अनेक जण मानतात. डायर १९२७ मध्येच आजाराने वारला होता. ओडवायर हा पंजाबचा तेव्हाचा लेफ्टनंट गव्हर्नर, आणि त्याने डायरच्या कृत्याची उघड पाठराखण केली. चित्रपट हा फरक नीट दाखवतो, हे त्याचे मोठे काम आहे. भगतसिंगांशी दाखवलेली जवळीक मात्र मला खटकली. सॉंडर्स या ब्रिटिश पोलीस अधिकाऱ्याच्या वधापासून भगतसिंगांच्या फाशीपर्यंतचा सगळा काळ उधमसिंग तुरुंगात होते.

रानवाट:
तळटीप, या एका बाबतीत मी चित्रपटाची बाजू घेईन. ब्रिक्स्टनच्या तुरुंगातून लिहिलेल्या पत्रात उधमसिंगांनी दहा वर्षांपूर्वी आपल्याला मागे ठेवून गेलेल्या जिवलग मित्राचा उल्लेख केला आहे आणि त्याच्याप्रमाणे २३ तारखेलाच आपल्याला फाशी व्हावी, अशी इच्छा व्यक्त केली आहे. तो मित्र कोण, हे उघड आहे. सहवास किती घडला हे बाजूला ठेवले, तरी नाते खरे होते.

अक्षरवेल, त्या रात्रीच्या चित्रणाबद्दल आपले दुमत नाही. परंतु उधमसिंगांनी न्यायालयात केलेले भाषण आठवा, जे छापायला न्यायाधीशांनी मनाई केली आणि जे कित्येक दशके दडवून ठेवले गेले. त्यात त्यांनी सांगितले की आपले इंग्रज जनतेशी वैर नाही, इंग्लंडमधल्या कामगारांबद्दल आपल्याला सहानुभूती आहे आणि आपला लढा साम्राज्यशाहीशी आहे. ऑस्करसाठी भारतीय प्रवेशिका निवडणाऱ्या मंडळातल्या एका सदस्याने या चित्रपटातून ब्रिटिशांविषयीचा द्वेष दिसतो असे म्हटले, तेव्हा मला फार वाईट वाटले. प्रेक्षकाच्या मनात ते भाषण हातगाडीइतके खोल रुतले असते, तर असे म्हणणे कोणालाही जड गेले असते.

अक्षरवेल:
भाषणाला आणखी वजन हवे होते, हे मान्य. तरीही लंडनमध्ये उधमच्या पाठीशी उभी राहणारी आयलीन आठवा. तीही इंग्रजच आहे, आणि उधमच्या कथेत तिलाही रेश्माप्रमाणेच दिग्दर्शकाने आणले आहे. कामगारांबद्दलचे ते वाक्य दिग्दर्शकाने तिच्या रूपाने पडद्यावर आणले, असे मी मानते. एकीला नाकारायचे असेल, तर दुसरीलाही नाकारावे लागेल.