सुखाची ओढ हेच पापाचे मूळ मानावे काय?

प्रश्न : गीतेच्या तिसऱ्या अध्यायात अर्जुन विचारतो की इच्छा नसतानाही माणूस कोणाच्या प्रेरणेने पाप करतो, आणि श्रीकृष्ण काम व क्रोध यांच्याकडे बोट दाखवतात. मग सुखाच्या ओढीलाच समाजाने कायद्याने आवर घालावा काय?

उत्तर १ : एपिक्युरसला हे पटले नसते. सुखालाच श्रेय मानणारा हा ग्रीक तत्त्वज्ञ अथेन्समधील आपल्या बागेत साध्या भाकरीपाण्यावर समाधान मानी, कारण भूक भागते, पण कीर्तीची आणि सत्तेची हाव भागत नाही, असे त्याचे म्हणणे होते. दोष सुखाचा नसून हावेचा आहे.

उत्तर २ : बागेतले तत्त्वज्ञान ठीक आहे, चंद्रपूरचे काय? तिथे 2015 साली लागू झालेली दारूबंदी 2021 मध्ये उठली आणि कारण दिले गेले ते वाढलेल्या अवैध विक्रीचे. तरीही मतपत्रिकेवरील आडव्या बाटलीला मत देऊन गावातले दुकान बंद पाडणाऱ्या बायकांना मी भाबड्या म्हणणार नाही, कारण नवऱ्याच्या सुखाची किंमत त्याच मोजत होत्या.

प्रश्नकर्ता : म्हणजे सुख कोणाचे आणि भुर्दंड कोणाला, हे आधी पाहावे, असे आपले म्हणणे दिसते. एपिक्युरसच्या बागेत हा प्रश्न कोणी विचारला असता काय?