ऐन भरातला टायसन की ऐन भरातला होम्स?

रात्रपाळी

२२ जानेवारी १९८८, अमेरिकेतलं अटलांटिक सिटी, हेवीवेट बॉक्सिंगची किताबी लढत. चौथ्या राउंडमध्ये लॅरी होम्स तीनदा खाली गेला आणि रेफरीने लढत थांबवली. माइक टायसनचा विषय निघाला की कुणीतरी ही चित्रफीत पुढे करतंच. ‘बघा, तुमच्या तंत्रवाल्याचं काय झालं ते.’

मला राग येतो तो या पुराव्याचा. त्या रात्री होम्स ३८ वर्षांचा होता. मायकेल स्पिंक्सकडून दोनदा हरून घरी बसलेला, जवळपास पावणेदोन वर्षं एकही लढत नाही, आणि समोर २१ वर्षांचा टायसन. यावरून होम्सचं वय झालं होतं एवढंच कळतं.

माझं म्हणणं सरळ आहे. १९७८ ते १९८२ मधला होम्स हा १९८६ ते १९८८ मधल्या टायसनला हरवतो. बहुधा गुणांवर, कदाचित अकराव्या-बाराव्या राउंडला थांबवूनही.

कारण जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा झटपट सरळ ठोसा. होम्सच्या हातांची पोहोच ८१ इंच, टायसनची ७१. पण नुसत्या इंचांवर मी बोलत नाही. टायसनचा हल्ला ठरलेल्या क्रमाने चालतो. डोकं हलवत जॅबच्या बाहेर जायचं, पाय आत रोवायचा, मग बरगडीत हुक (बाजूने वळवून मारलेला ठोसा) आणि लगेच हनुवटीखाली अपरकट (खालून वर येणारा). या साखळीची पहिली कडी म्हणजे समोरच्याच्या जॅबचा अंदाज. होम्सचा जॅब एका लयीत येतच नव्हता. कधी एक, कधी लागोपाठ तीन, कधी नुसतं हुलकावणं आणि मागून सरळ उजवा. केन नॉर्टनविरुद्धच्या लढतीत (जून १९७८) १४ राउंड संपले तेव्हा तिन्ही जजच्या कागदावर बरोबरी होती. पंधराव्यात दोघांनी जे दिलं-घेतलं ते हेवीवेटच्या इतिहासात क्वचितच दिसलंय, आणि किताब होम्सने नेला. तोही लढतीच्या काही दिवस आधी डाव्या दंडाला दुखापत झालेली असताना. म्हणजे ज्या हातावर त्याचं सगळं अवलंबून होतं, तोच हात.

कट्टर माइक

छान लिहिलंय, पण एक गोष्ट सोयीस्कर गाळली आहे. होम्सचा डावा हात. जॅब मारायला तो खालून जायचा आणि परतही खालूनच यायचा. म्हणजे हनुवटीची डावी बाजू उघडी.

आता मोजा. सप्टेंबर १९७९, अर्नी शेव्हर्स, सातवा राउंड: होम्स खाली. ठोसा कुठला? उजवा. नोव्हेंबर १९८१, रेनाल्डो स्नाइप्स, पुन्हा सातवा राउंड: होम्स खाली. उजवा. उठल्यावर तोल जाऊन कोपऱ्यात धडकला होता, आठवतंय ना? १९८८, टायसन, चौथा राउंड, पहिला नॉकडाउन: उजवाच. २९, ३२ आणि ३८ अशा तिन्ही वयांत एकच भोक. मग वयाचं रडगाणं कशाला? तुमच्या लाडक्या १९७८ ते १९८२ मध्येच यातले दोन बसतात.

रात्रपाळी

उठला ना पण! शेव्हर्स म्हणजे काय चीज होती ते तुम्हाला सांगायला नको. त्याच वर्षी मार्चमध्ये त्याने नॉर्टनला पहिल्या राउंडमध्ये आडवं केलं होतं. अशा माणसाचा बिनआडकाठीचा उजवा खाऊन होम्स उभा राहिला, तो राउंड काढला आणि अकराव्यात त्यालाच थांबवलं. स्नाइप्सलाही अकराव्यातच. आणि टायसनपेक्षा शेव्हर्सचा ठोसा जड होता हे खुद्द होम्सने सांगितलंय, दोघांचे खाऊन.

कट्टर माइक

शेव्हर्सचा एक ठोसा जड असेल, मान्य. त्याच्या मागून काय यायचं? काहीच नाही. एक टाकायचा आणि परिणाम बघत उभा राहायचा. सातव्यात होम्सला पाडल्यावर तो नुसता रानटी फेकत सुटला, निम्मे हवेत. टायसनचं वेगळं. त्याच्या गुरूने, कस डी’अमॅटोने, ठोशांना आकडे दिले होते, त्या आकड्यांवर घोकून घेतलेली पोरं होती ती. पहिला लागला की पुढचे तीन विचार न करता येतात. डळमळलेल्या होम्सला शेव्हर्सने वाचायला वेळ दिला, टायसन देणार नाही. अटलांटिक सिटीत दिला का?

पेठेतला डावखुरा

कॉलेजात असताना पुण्यात थोडंफार खेळलोय, त्यामुळे बुटक्याच्या बाजूने दोन शब्द. लांब हातवाल्यासमोर पहिला जॅब चुकवणं अवघड नसतं. अवघड असतं ते त्यानंतरचं पाऊल. तुम्ही आत शिरलात आणि तो अर्धं पाऊल बाजूला सरकला, की सगळी मेहनत पुन्हा पहिल्यापासून. म्हणून माझ्या मते प्रश्न होम्सच्या हाताचा नाहीच, पायांचा आहे.

१९८८ ची चौथी फेरी नीट बघा. सुरुवातीला होम्स पहिल्यांदाच टाचा उचलून नाचायला लागतो, जॅबही सुटतो, आणि टायसन गोंधळल्यासारखा दिसतो. मग होम्स सरळ रेषेत मागे येतो, हात खाली, आणि उजवा बसतो. तीस वर्षांचा होम्स तिथे सरळ मागे गेला नसता असं मला वाटतं. तो डावीकडे वळायचा. (आणि शेवटच्या नॉकडाउनआधी त्याचा उजवा हात दोरात अडकला होता, हेही लोक विसरतात. अर्थात तेव्हा निकाल लागल्यातच जमा होता.)

पण कट्टर माइक यांचा मुद्दा मी उडवून लावणार नाही. डावा खाली ठेवायची खोड पायांनी झाकली जाते, जात नाही. पाय दमले की ती वर येते. शेव्हर्स आणि स्नाइप्स, दोघांनीही सातव्यातच पाडलं ते उगीच नाही.

अप्पा बेळगावकर

१९८८ च्या त्या लढतीआधी मुहम्मद अलीला रिंगमध्ये आणलं होतं. टायसन सांगतो की अली त्याच्या कानात म्हणाला, माझ्यासाठी याला धर. १९८० मध्ये होम्सने अलीला दहा राउंड धुतलं होतं, अलीच्या कॉर्नरने (कोपऱ्यातल्या त्याच्या माणसांनी) लढत सोडली, त्याचा हिशोब. टायसन तेव्हा चौदा वर्षांचा होता. चर्चेशी संबंध नाही, चालू द्या.

ठोसेबाज नव्हे

संबंध आहे की, अप्पा! त्या रात्रीही लोक म्हणाले होते की अलीचं वय झालं होतं. तिथे होम्सचा विजय कमी धरायचा आणि १९८८ मध्ये होम्सचा पराभव पूर्ण धरायचा, असा दुटप्पी हिशोब चालतो.

दुसरं म्हणजे ‘ऐन भर’ नेमका कधी संपतो? टायसन हरला तो फेब्रुवारी १९९० मध्ये, टोकियोत, बस्टर डग्लसकडून. वय वर्षं २३. तेवीस! त्या रात्री डग्लसने काय केलं? लांब जॅब, मागून उजवा, टायसन जवळ आला की मिठी मारून मान खाली दाबायची. आठव्यात टायसनच्या अपरकटने खाली गेला, उठला, आणि दहाव्यात टायसनला बसवलं. हे सगळं होम्स डग्लसपेक्षा सरस करायचा. पण टायसनप्रेमींना विचारलं की म्हणतात, तो खरा टायसन नव्हताच. म्हणजे जिंकला तर भरातला, हरला तर उतरणीला.

कट्टर माइक

हो, नव्हताच. प्रशिक्षक केव्हिन रूनीला १९८८ मध्येच काढून टाकलं होतं. टोकियोत कॉर्नरला जी माणसं होती त्यांच्याकडे डोळ्याची सूज दाबायची पट्टी नव्हती, रबरी हातमोज्यात बर्फाचं पाणी भरून डोळ्यावर धरत होते. सराव शिबिरात काय चाललं होतं ते जगाला माहीत आहे. डोकं हलवणं जवळजवळ बंद, एकेक ठोसा शोधत फिरणं. यात वय कुठे आलं? शिस्त गेली होती.

आणि जॅबवाले टायसनने आधी पाहिले नव्हते का? पिंकलन थॉमसचा जॅब त्या काळातला सर्वोत्तम मानायचे. मे १९८७, सहाव्यात खल्लास. टायरेल बिग्स, १९८४ चा ऑलिंपिक सुवर्णविजेता, उंच, हलता. ऑक्टोबर १९८७, सातव्यात खल्लास.

रात्रपाळी

थॉमसला मधल्या राउंडांत टायसनसमोर जमत होतं, ते का गाळता? आणि तुम्ही न घेतलेली नावं मी घेतो. जेम्स टिलिस, मे १९८६: दहा राउंड पूर्ण खेळला, चौथ्यात एकदा पडला, तरी तीनपैकी दोन जजनी टायसनला फक्त ६-४ दिलं होतं. टोनी टकर, ऑगस्ट १९८७: पहिल्याच राउंडमध्ये अपरकटने टायसनला मागे सरकवलं आणि बारा राउंड उभा राहिला. टिलिस आणि टकर चांगले होते, पण वीस वेळा किताब राखणाऱ्या होम्सच्या पंगतीला बसणारे नव्हेत. यांना एवढं जमलं तर होम्सला किती जमेल?

कट्टर माइक

टकर बारा राउंड उभा राहिला आणि स्पष्ट हरला. जिवंत राहणं आणि जिंकणं यात फरक असतो राव. बोनक्रशर स्मिथही बारा राउंड राहिला, पूर्ण वेळ मिठी मारून.

सांगलीचा बाळ

दोघं एकाच चित्रफितीवर भांडताय, म्हणून जुनी उदाहरणं टाकतो.

जून १९४१, न्यूयॉर्क. बिली कॉन विरुद्ध जो लुई. कॉन हलक्या वजनाचा, चपळ, लुईचा ठोसा म्हणजे तोफ. बारा राउंडनंतर गुणांच्या तीनपैकी दोन कागदांवर कॉन पुढे, तिसऱ्यावर बरोबरी. तेराव्यात कॉनला वाटलं आता याला नॉकआउटच करू. राउंड संपायला दोन सेकंद असताना तोच आडवा. तंत्रवाला ३८ मिनिटं बरोबर वागला आणि एक मिनिट चुकला.

उलट बाजू: मार्च १९७७, सॅन हुआन. जिमी यंगच्या ठोशात दम नव्हता, समोर जॉर्ज फोरमन. सातव्यात यंग जवळजवळ संपला होता. तरी टिकला, शेवटच्या बाराव्यात उलट फोरमनलाच खाली बसवलं आणि गुणांवर जिंकला.

आमच्या लाल मातीतही हेच बघतो. ताकदीचा गडी पहिल्या पाच मिनिटांत चितपट करतो, नाहीतर डाववाला त्याला दमवून मारतो. होम्सकडे डावही होता आणि पडून उठायची धमकही, कॉनकडे पहिलं होतं, दुसरं नव्हतं. माझं मत होम्सला, पण पहिले चार राउंड मी श्वास रोखून बघेन.

पेठेतला डावखुरा

एक विचारायचं राहिलं, लढत किती राउंडची? रात्रपाळी यांनी ते सांगितलंच नाही. नोव्हेंबर १९८२ मध्ये रे मन्सिनीविरुद्ध लढल्यानंतर बॉक्सर किम दुक कू दगावला आणि किताबाच्या लढती १५ वरून १२ वर यायला लागल्या. टायसनच्या बहुतेक किताबी लढती १२ च्या. होम्सच्या भरातल्या १५ च्या. पंधराची असेल तर मी पूर्णपणे होम्सकडे. बाराची असेल तर काठावर.

कट्टर माइक

पंधराची ठेवा, विसाची ठेवा. सहाव्यात संपणार आहे. डावा खाली.

ठोसेबाज नव्हे

सातव्यात तरी म्हणा, परंपरा आहे.

रात्रपाळी

बारा म्हणा, पंधरा म्हणा, मी होम्सच्याच बाजूने. सातव्यात पडेल, तेही लिहून देतो. उठेल. आणि कट्टर माइक, टकरच्या लढतीचे शेवटचे सहा राउंड एकदा आवाज बंद करून बघा. समालोचक टायसनवर इतके भाळलेले असतात की टकरचे किती जॅब लागले ते ऐकणाऱ्याच्या लक्षातच येत नाही. मग सांगा, तिथे ८१ इंचांचा डावा असता तर टायसन आत कसा शिरला असता.