'मॅनडेम'ला मराठीत काय म्हणावं?

मंजिरी_ठाणे: लंडनच्या एका मालिकेची मराठी उपशीर्षकं करतेय. हॅकनीतला 16 वर्षांचा गोरा मुलगा फोनवर म्हणतो, "मॅन्ज वेटिंग फॉर द मॅनडेम, इनिट." मी लिहिलं, "मी मित्रांची वाट बघतोय ना." तपासणाऱ्या बाई म्हणाल्या, अर्थ आला पण पोरगा गेला. काय करू?

गवतीचहा: टोळकं. हाय काय नाय काय.

हॅरोकर: टोळकं नको, त्यात पोलीस दिसतात. 'डेम' हा जमैकन पत्वा या बोलीतला अनेकवचनी प्रत्यय. 1948 साली कॅरिबियनमधून माणसं घेऊन विंडरश बोट इंग्लंडला आली, तिथून जमैकन वस्ती वाढत गेली. त्यांच्या नातवंडांशेजारी बाकावर बसलेली गोरी, बांगलादेशी, तुर्की पोरं आज तसंच बोलतात. अभ्यासक याला मल्टिकल्चरल लंडन इंग्लिश म्हणतात. आमचा लेक शाळेतून येऊन आजीला म्हणाला, "वागवान?" म्हणजे 'काय चाललंय'. आजीला वाटलं, पोरगं देवाचं नाव घेतंय!

शब्दवेल्हाळ: मॅनडेम म्हणजे सरळ आपली 'मंडळी'! ध्वनी बघा. आणि तिथे 'बेअर पीपल' म्हणजे खूप लोक, इथे आपले 'बरेच'. योगायोग म्हणायचा?

हॅरोकर: योगायोगच. पण भाषांतर म्हणून 'मंडळी' वाईट नाही.

मंजिरी_ठाणे: मंडळी म्हटलं की टाळमृदंग ऐकू येतो हो. शिवाय आमच्या सासऱ्यांच्या तोंडी मंडळी म्हणजे सासूबाई.

गवतीचहा: आणि हा 'मॅन' कोण वाट बघतोय?

हॅरोकर: तोच. 'मॅन' म्हणजे मी. कधी तू, कधी तो.

ओटा: मग 'आपण' आहे की! "आपण नाय घाबरत कुणाला." बोलणारा एकटाच असतो. "आपण थांबलोय पोरांसाठी." 'थांबलोय' मीलाही चालतं, आपणलाही.

शब्दवेल्हाळ: हा टपोरीपणा झाला. उद्या 'अपुन' लिहाल.

ओटा: पात्र टपोरी आहे, काका.

शब्दवेल्हाळ: दुसऱ्यांची भाषा तोंडात घेऊन आपली बिघडतेच.

हॅरोकर: इंग्लंडमधल्या 2011च्या दंगलींनंतर इतिहासकार डेव्हिड स्टार्की बीबीसीवर हेच बोलले, गोरी पोरं काळी झाली म्हणून. भरपूर बोलणी खाल्ली त्यांनी.

चिंबई_रिटर्न: लंडन कशाला? वांद्र्यात आम्ही मराठी पोरं ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्याच मूळच्या ख्रिस्ती, दोस्तांचं ऐकून "काय मेन" म्हणायचो. मुलींनासुद्धा. वडील म्हणायचे, साहेबाचं उष्टं. गंमत म्हणजे त्या दोस्तांची आजी घरात मराठीच बोलायची, आमच्यापेक्षा जुनी.

शब्दवेल्हाळ: ती मराठी नव्हे, वेगळी बोली. नावच 'ईस्ट इंडियन'.

चिंबई_रिटर्न: बोली कुणाची मग? नाव घेतलं 1887 साली, व्हिक्टोरिया राणीच्या जुबिलीच्या वर्षी. भाषा त्याआधीपासून होतीच ना?

गवतीचहा: 'मेन' की 'मॅन'? माझ्या ऑफिसातला गोवेकर 'मॅन' म्हणतो.

चिंबई_रिटर्न: वांद्र्यात 'मेन'. माणूस एक असला तरी.

मंजिरी_ठाणे: 'आपण थांबलोय' टाकून बघितलं. बाई विचारतायत, फोनवरचा मित्रही तिथेच उभा आहे का?

ओटा: 'आपण'नंतर 'साला' घाला. पटेल त्यांना.

शब्दवेल्हाळ: 'साला' तर हिंदी!