'फादा'ला मराठीत काय म्हणायचं?

आयर्लंडमधल्या सरकारी सेवांवरचा एक लेख मराठीत आणतेय, त्यात सारखं येतंय की लोकांची आयरिश नावं सरकारी खात्यांनी फादासकट लिहिली पाहिजेत. फादा म्हणजे स्वरावरची ती तिरकी रेघ. मी आघातचिन्ह लिहिलंय पण मनाला पटत नाहीये, काही सुचतंय का?

---

आघातचिन्ह नको प्लीज. आघात म्हणजे जोर, आणि फादा जोर दाखवत नाही, तो स्वर लांबवतो. मुळात 'फादा'चा अर्थच लांब, पूर्ण नाव 'शीने फादा', म्हणजे लांब ताण असं काहीतरी. आपल्याकडे दीर्घ हा शब्द आयता आहे की! 'ब्रिश्चे' म्हणजे मोडलेलं आणि फादा दिला की 'ब्रीश्चे', म्हणजे पँट. आपलं दिन आणि दीन जसं, अगदी तसंच. शॉन नावातला फादा काढला तर उरतं 'शान', त्याचा अर्थ म्हातारा, जुना. माझं मत दीर्घचिन्हाला.

---

दीर्घचिन्ह आवडलं, पण वाचकाला ही शुद्धलेखनाची बारीकशी गोष्ट वाटेल अशी भीती वाटते.

---

मग पहिल्यांदा 'फादा म्हणजे दीर्घचिन्ह' असं लिहा आणि पुढे फादाच ठेवा, आणि शॉनचं उदाहरण नक्की द्या, नाव चुकलं की माणसाला काय वाटतं हे मराठी वाचकाला वेगळं सांगावं लागत नाही. १९३७ च्या संविधानात कलम ८ नुसार आयरिश ही पहिली अधिकृत भाषा, २००३ मध्ये भाषा कायदा झाला, २००४ पासून भाषा आयुक्त आहेत, आणि तरी नागरिकाचं नाव नीट लिहा हे सांगायला २०२१ ची दुरुस्ती यावी लागली, मला हे फार लागतं. त्याच दुरुस्तीत २०३० अखेरपर्यंत नव्या सरकारी भरतीत २० टक्के लोक आयरिश जाणणारे हवेत असंही आहे, ते लेखात असू दे, कारण काउंटरपलीकडे बोलणारा माणूसच नसेल तर नुसता आयरिश फॉर्म काय कामाचा.

अजून एक, तुम्ही 'आयरिशमध्ये सेवा' लिहिलं असेल तर 'आयरिशमधून' करा. तिकडे 'त्री' म्हणतात, त्याचा अर्थ मधून, आरपार. आपण मराठीतून शिकलो म्हणतो ना, तेच.

---

हो, 'मध्ये'च लिहिलं होतं सगळीकडे! बदलते.