सजेशन बंद करा म्हणणाऱ्यांना जरा सविस्तर उत्तर

उद्यमनगरी:
काल इथं एकानं ठोकून दिलं, "टाईप करताना सर्चच्या खिडकीखाली पडणारी ती सजेशनची यादी बंद करा, तिच्यामुळं लोक स्वतःचा प्रश्न विसरलेत." त्याला वाहवा मिळाली, म्हणून हे लांबलचक लिहितोय.

ती यादी उत्तर देतच नाही. लोकांनी आधी विचारलेल्यातलं तुमच्या अक्षरांशी जुळणारं ती पुढं ठेवते. भाषा, गाव, सध्याची चर्चा आणि तुमचा जुना शोध बघून क्रम लागतो. गूगलनं 2004 ला प्रयोग म्हणून काढलं, 2008 ला मुख्य पानावर आणलं. तत्त्व तेच आहे.

फायदा कुठं? जिथं आपल्याकडं शब्दच नाही तिथं. फाउंड्रीत, म्हणजे धातू वितळवून साच्यात ओततात तिथं, नवा पोरगा "कास्टिंगमध्ये भोक" एवढंच टाकतो. रोमनमध्ये "कास्टिंग डिफेक्ट" लिहून जागा सोडली आणि एकेक अक्षर टाकत गेला, तर ब्लोहोल, पिनहोल, श्रिंकेज हे शब्द त्याच्या नजरेला पडतात. यातला फरक म्हणजे सगळं काही. आतून गुळगुळीत, गोल भोक असेल तर गॅसचं, म्हणजे ब्लोहोल किंवा पिनहोल. साच्याच्या वाळूतला ओलावा आणि व्हेंट, म्हणजे गॅस जायच्या वाटा बघायच्या. आतून खडबडीत, वेडंवाकडं असेल तर श्रिंकेज, म्हणजे धातू आकसल्याचं. तिथं रायझर, म्हणजे आकसताना जादा धातू पुरवणारा भाग बघायचा. चुकीच्या शब्दावर शोधलं तर दिवसभर वाळू वाळवत बसाल आणि पीस रिजेक्टच होत राहतील.

आणि मोबाईलवर सजेशनच्या ओळीवर बोट ठेवू नका. उजवीकडं तिरका बाण असतो, तो दाबा. शब्द खिडकीत येतात, शोध सुरू होत नाही. मग पुढचा शब्द जोडा, यादी बदलते. कॉम्प्युटरवर कर्सर वाक्याच्या मधे नेऊन टाईप केलं की मधल्या जागेसाठीही पर्याय मिळतात. हे कुणी करतच नाही.

पंचगंगाकाठ:
शब्द मिळतात, मान्य. पण जास्त लोकांनी विचारलं म्हणजे बरोबर विचारलं असं कुठं आहे? पावसाळ्यात "कोल्हापूर पूर" टाकलं की मागं जुनं वर्ष चिकटून येऊ शकतं, कारण 2019 आणि 2021 ला सगळ्या राज्यानं तेच शोधलं होतं. घाईत बोट तिथं पडतं आणि जुने फोटो आजचे म्हणून सोसायटीच्या ग्रुपवर फिरतात. त्यानं माणसं घाबरतात, अहो. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43 फूट. आत्ता पाणी किती, हे यादी सांगत नाही. ते ज्याचं त्यानंच विचारायला पाहिजे.

उद्यमनगरी:
हा दोष यादीचा की बोटाचा? "राजाराम बंधारा पाणी पातळी" पुरं लिहा, निकाल आला की टूल्समध्ये जाऊन गेल्या 24 तासांचं निवडा. जुनं सगळं गळतं.

पंचगंगाकाठ:
पूर आल्यावर म्हातारी माणसं टूल्स उघडत बसणार काय? तुम्ही जाणकारांसाठी लिहिताय. बाकीच्यांना पहिली ओळ म्हणजे खरं वाटतं. माणसांच्या नावापुढंही काहीबाही जोडून यायचं. जर्मनीतल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयानं 2013 ला सांगितलं की कळवल्यावर बदनामीकारक जोडणी कंपनीनं काढलीच पाहिजे. धोका नसता तर कोर्टात गेलं असतं काय?

चप्पल_लाईन:
तुमचं पुराचं चालू दे, आमच्या धंद्याचं बघा. "कोल्हापुरी चप्पल" लिहिलं की पुढं काय जोडून येतं? लेडीज, ऑनलाईन, अमुक रुपयांच्या आत. विकणारे तेच शब्द उचलून मालाच्या नावात कोंबतात. रेक्झिनचा, चिकटवलेला माल वर आणि कोल्हापूरच्या सुभाषनगरातला चप्पल कारागीर कुठंच नाही. 2019 ला जीआय, म्हणजे ठरावीक भागातल्याच मालाला ते नाव लावायचं मानांकन मिळालं, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे. 2025 ला प्राडानं मिलानच्या रॅम्पवर कोल्हापुरीसारखी चप्पल दाखवली आणि वाद पेटला तेव्हा सगळ्या देशानं हेच नाव शोधलं. गिऱ्हाईक शेवटी गेलं कुठं? स्वस्तातल्या ओळीवर.

उद्यमनगरी:
भावा, गिऱ्हाईकालाच स्वस्त पाहिजे. यादीनं फक्त ते दाखवलं.

चप्पल_लाईन:
दाखवलं नाही, ढकललं! ज्याच्या मनात किंमत नव्हती त्याच्याही डोळ्यांपुढं किंमत आली. कापशी, बक्कलनाळी, पुकारी, कुरुंदवाडी ही कोल्हापुरीच्या प्रकारांची नावं कुणी लिहितच नाही, म्हणून यादीत येत नाहीत. यादीत नाहीत म्हणून कुणी लिहीत नाही. हे चक्र तुम्ही फोडून दाखवा, मग मला शिकवा.

करवीर_पेठ:
फोडता येतं की. शोधात नको त्या शब्दाआधी उणे चिन्ह लावा, शब्दाला चिकटून. मधे जागा सोडली तर चालत नाही. कापशी अवतरणात टाका, म्हणजे तोच शब्द असलेली पानं येतात. सातबाऱ्यालाही हेच. यादीत "ॲप", "डाउनलोड" असलं काही दिसलं तर हात लावू नका. सातबारा लिहून पुढं रोमनमध्ये साइट, लगेच कोलन, मग जागा न सोडता जीओव्ही डॉट इन लिहा. एजंटांची पानं बाजूला पडतात. शिवाय निकाल उघडून मागं आलात तर त्या निकालाखाली आणखी शोधांची चौकट येते कधीकधी. टाईप करताना येणाऱ्या यादीपेक्षा ती मला कामाची वाटते, कारण ती तुमच्या अर्धवट अक्षरांवर चालत नाही.

पंचगंगाकाठ:
हे बरं सांगितलं. तरी घरातल्या थोरांच्या फोनवर ट्रेंडिंग शोध बंदच ठेवा, गूगलच्या सेटिंगमध्ये सोय आहे. आणि घड्याळाचं चिन्ह असलेली ओळ म्हणजे त्याच फोनवरचा किंवा खात्यावरचा जुना शोध. दाबून धरली की काढता येते. यादी उपयोगी आहे एवढं मी मानतो, त्यापलीकडं नाही.

उद्यमनगरी:
मीही एवढंच मानतो की नवख्याला पहिली ओळ घातक ठरू शकते. बंद करा हे मात्र कधीच मानणार नाही. भट्टीवरच्या पोराला नेमका शब्द मिळाला तर त्याची अख्खी शिफ्ट वाचते.

चप्पल_लाईन:
तुमचं उणे चिन्ह वापरणारं गिऱ्हाईक आमच्याकडं येईल तेव्हा बघू. तोवर ज्यांना खरंच घ्यायचीय त्यांनी एवढं करा: चपलेच्या प्रकाराचं नाव टाकून शोधा, कापशी म्हणा नाहीतर पुकारी म्हणा. मग विकणाऱ्याकडं तळाचा आणि कडेचा फोटो मागा. कडेला चामड्याच्या वादीची शिवण दिसली पाहिजे, खिळा नको. वरून एकाच कोनातला फोटो देत असेल तर पुढं जा.