पावसातलं पंक्चर: जास्तीची ट्यूब हवीच

पुण्यात पावसाळ्यात ऑफिसला सायकलने जाताना पंक्चर झालं तर काय, असा मूळ प्रश्न आहे आणि बहुतेकांनी पंक्चर किट ठेवायला सांगितलंय. किट हवंच, पण भर पावसात ओल्या ट्यूबवर ठिगळ नीट धरत नाही. म्हणून सीटखालच्या पिशवीत जास्तीची ट्यूब, टायर लिव्हर (रिमवरून टायर काढायची पट्टी) आणि छोटा पंप ठेवाच. रस्त्यात ट्यूब बदलायची, ठिगळ घरी निवांत लावायचं.

नवी ट्यूब घालण्याआधी टायर आतून तपासा. फडकं सावकाश फिरवलं की जिथे अडकेल तिथे बाभळीचा काटा किंवा तारेचा तुकडा असतो. तो राहिला तर नवी ट्यूबही गेलीच म्हणून समजा. शेजारी शेजारी दोन भोकं दिसली तर मात्र काटा शोधत बसू नका. हवा कमी होती आणि खड्ड्यात ट्यूब रिमवर चिमटली.

आणखी एक, जे कुणी लिहिलं नाही: व्हॉल्व्ह बघून ठेवा. श्रेडर म्हणजे मोटरसायकलसारखा असेल तर पेट्रोल पंपावर हवा भरता येते. बारीक प्रेस्टा असेल तर पितळी अडॅप्टर जवळ हवा, नाहीतर पंक्चरवालाही हात वर करतो.

पावसात रिमचे ब्रेक उशिरा धरतात, तेव्हा अंतर जास्त ठेवा. झेब्रा पट्ट्यांवर आणि गटाराच्या लोखंडी झाकणांवर हँडल वळवू नका, कृपया. साचलेल्या पाण्यातून तर अजिबात जाऊ नका, खाली काय आहे ते दिसत नाही. मडगार्ड लावा आणि घरी पोचल्यावर चेन पुसून तेल द्या.