खांदेरीचं दीपगृह आंग्र्यांचं नव्हे
अलिबागजवळ थळच्या किनाऱ्यासमोर असलेल्या खांदेरी बेटावरच्या दीपगृहाला ‘कान्होजी आंग्रे दीपगृह’ म्हणतात. या नावावरून ते आंग्र्यांनीच उभारलं असावं, हा तर्क पटण्यासारखा असला तरी खरा नाही. दीपगृह इंग्रजांच्या काळातलं, १८६७चं. कान्होजींना जाऊन तेव्हा शंभरहून जास्त वर्षं झाली होती. त्यांचं नाव बेटाला मिळालं तेही अलीकडे, स्वातंत्र्यानंतर. बेटावरची तटबंदी मात्र दीपगृहाहून जुनी: शिवाजी महाराजांनी १६७९मध्ये इंग्रज आणि सिद्दी दोघांच्या नाकावर टिच्चून ती सुरू केली.

कुणी थळहून होडीने जाणार असाल तर दीपगृह बघून लगेच परतू नका. बेटावर एक मोठा खडक आहे, त्यावर दगड आपटला की भांड्यासारखा खणखणतो. आणि वेताळाचं देऊळही बघा, कोळ्यांची त्यावर फार श्रद्धा.